चिखलाने माखलेले वाहन : रंग न ओरखडता धुण्यामागील विज्ञान

पावसाळ्याच्या दिवसांत कच्च्या रस्त्याने, शेतातल्या गाडीवाटेने किंवा जंगलातल्या आडमार्गाने जाऊन आलेल्या जीपगाडीचा मूळ रंग ओळखता येत नाही. चाकांनी उडवलेला चिखल दारांवर, काचांवर आणि पार टपापर्यंत चढलेला असतो. गाडी परत आली, की बहुधा एक बादली पाणी आणि एक जुने फडके घेऊन ती पुसून काढण्यात येते. तासाभरात गाडी स्वच्छ दिसू लागते. परंतु काही महिन्यांनी तीच गाडी उन्हात उभी केली असता तिच्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा आढळतात व रंगाची झळाळी उतरलेली दिसते.

याचा दोष सहसा रस्त्याला किंवा रंगाच्या प्रतीला देण्यात येतो. वस्तुतः अंगावर नुसता बसून राहिलेला चिखल रेषा ओढत नाही. झाडाझुडपांच्या फांद्यांनी पडलेले ओरखडे सोडले, तर यांपैकी बहुतेक रेषा गाडी धुताना, धुणाऱ्याच्या हाताखालीच उमटतात. हे कसे घडते आणि ते कसे टाळता येते, हे समजण्यासाठी प्रथम रंग आणि माती या दोहोंची ओळख करून घेतली पाहिजे.

रंगाचे थर

वाहनाचा रंग हा एकच थर नसतो. आधुनिक कारखान्यात पोलादी पत्र्यावर प्रथम फॉस्फेटांची रासायनिक प्रक्रिया करतात. त्यावर विजेच्या साहाय्याने गंजरोधक अस्तर बसवतात, त्यावर पृष्ठभाग सपाट करणारे दुसरे अस्तर देतात, मग रंगद्रव्याचा थर येतो आणि सर्वांत वर एक रंगहीन, पारदर्शक थर चढवतात. या सर्वांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रोमीटर भरते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस सुमारे ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे गाडीचे हे सारे कवच एकदोन केसांच्या जाडीचेच आहे, हे ध्यानात येईल.

वरचा पारदर्शक थर बहुधा ४० ते ५० मायक्रोमीटर जाडीचा असतो. रंगाला झळाळी याच थरामुळे येते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण शोषून घेणारी द्रव्ये त्यात मिसळलेली असतात, त्यामुळे खालचा रंग विटत नाही. हा थर बहुवारिकाचा, म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचा असतो. जुन्या जीपगाड्यांवर असा पारदर्शक थर नसे. त्या पुसताना रंगच फडक्याला लागत असे.

रेषा पडल्यावर रंगाला पॉलिश करून ती घालवता येते, असे पुष्कळदा सांगण्यात येते. ते खरे आहे. परंतु पॉलिश रेषा भरून काढीत नाही. रेषेच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खरवडून ते पृष्ठभाग पुन्हा सपाट करते. म्हणजे प्रत्येक पॉलिशाबरोबर त्या ४०-५० मायक्रोमीटरांतील काही भाग कायमचा जातो. हा थर झिजून संपला, की ऊन खालच्या रंगाला भिडते. आणि एखादा खोल ओरखडा सर्व थर छेदून पत्र्यापर्यंत गेला, की गंज सुरू होतो.

चिखलात काय असते

चिखल म्हणजे पाणी आणि माती. परंतु माती ही एकजिनसी वस्तू नाही. तीत तीन आकारांचे कण असतात. ०.०५ मिलिमीटरपासून २ मिलिमीटरपर्यंतच्या कणांना वाळू, त्याहून बारीक कणांना गाळ आणि ०.००२ मिलिमीटरहून सूक्ष्म कणांना चिकणमाती म्हणतात. आकाराइतकेच या कणांच्या कठिनतेला महत्त्व आहे.

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ साली खनिजांची कठिनता ठरवण्याची एक सोपी श्रेणी मांडली. जे खनिज दुसऱ्यावर ओरखडा काढते, ते त्याहून कठीण, हे तिचे तत्त्व होय. या श्रेणीत संगजिरे १ वर आणि हिरा १० वर आहे. आपले नख सुमारे २.५, खिडकीची काच सुमारे ५.५, फेल्स्पार ६ आणि गारगोटी, म्हणजेच क्वॉर्ट्झ, ७ वर येते. चिकणमातीतील खनिजे मात्र १ ते २.५ इतकीच मऊ असतात. काचेवर ओरखडा काढणारा गारगोटीचा कण प्लास्टिकच्या जातीच्या रंगावर किती सहज रेषा ओढील, हे निराळे सांगावयास नको.

भारताच्या निरनिराळ्या प्रदेशांतील चिखल या दृष्टीने निरनिराळा आहे. दख्खनच्या पठारावरील काळ्या जमिनीत पाणी शोषून फुगणारी माँटमोरिलोनाइटसारखी खनिजे विपुल असतात. हा चिखल बोटांना लोण्यासारखा मऊ लागतो, पण त्यात बेसाल्ट खडकाची कच आणि चुनखडीचे खडे लपलेले असतात. कोकण, गोवा आणि मलबारच्या जांभ्या मातीत लोहाच्या ऑक्साइडांचे कठीण दाणे असतात. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या गाळात गारगोटी व अभ्रक आढळते. राजस्थानच्या वाळवंटातील वाळू बहुतांशी गारगोटीचीच असते. लडाखमधील धुळीत हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचे धारदार कोनांचे कण असतात. तेव्हा कोणताही चिखल केवळ हाताला मऊ लागतो म्हणून निरुपद्रवी समजू नये.

ओरखडा कसा पडतो

ओरखडा पडण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : कठीण कण, त्यावरील दाब आणि कणाची सरक. यांपैकी एक जरी काढून टाकली, तरी ओरखडा पडत नाही. वाळलेला चिखल गाडीवर असतो तेव्हा कण असतो, पण दाब व सरक नसते. फडके फिरवताच तिन्ही एकत्र येतात.

हा दाब किती असतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, फडक्याखालच्या वाळूच्या एका कणावर हाताच्या भारापैकी अवघा १ ग्रॅम भार आला आणि कणाचे टोक रंगाला ०.०१ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनावर टेकले. या चौकोनाचे क्षेत्रफळ एका चौरस सेंटिमीटरचा दशलक्षांश होते. म्हणजे तेथील दाब दर चौरस सेंटिमीटरला १,००० किलोग्रॅम झाला. हलक्या हातानेही रंग का ओरखडतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

कण मोकळा असेल, तर तो दोन पृष्ठांमध्ये काही वेळा गडगडत पुढे जातो व इजा कमी करतो. परंतु तो फडक्याच्या विणीत रुतून बसला, की लाकडावर चालणाऱ्या पटाशीप्रमाणे सलग रेषा कोरतो. कोरडे फडके, सपाट स्पंज, गोणपाट आणि काथ्या यांचा धोका यातच आहे. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची सवय गाडीची निगा राखण्याच्या हेतूने लागलेली असते. पण परिणाम उलटा होतो.

या रेषा सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळाकार दिसतात, त्यामुळे हात गोलाकार फिरवल्यानेच त्या पडल्या असा समज होतो. खरे पाहता त्या सर्व दिशांना पसरलेल्या असतात. मात्र प्रकाश येण्याच्या व परावर्तनाच्या दिशेला आडव्या असलेल्या रेषाच डोळ्याकडे प्रकाश फेकतात. बाकीच्या दिसत नाहीत. म्हणून दिव्याची जागा बदलली, की वर्तुळाचे केंद्रही त्याच्याबरोबर सरकते.

पाण्याचे आणि वेळेचे काम

वाळताना चिकणमाती आकसते आणि वाळूच्या कणांना गच्च धरून रंगाला चिकटते. तिला पाणी मिळाले, की ते तिच्या पापुद्र्यांमध्ये शिरते, माती फुगते आणि पकड सैल होते. या क्रियेला वेळ लागतो. म्हणून धुण्याची पहिली पायरी म्हणजे चिखल भिजवणे. फवारणीच्या पंपाने पाणी मारून काही मिनिटे थांबावे. थर जाड असल्यास पुन्हा फवारावे. मग वाहत्या पाण्याने चिखल ओघळू द्यावा. या अवस्थेत हात, फडके किंवा ब्रश यांपैकी कशाचाही स्पर्श रंगाला होऊ देऊ नये.

दाबाने पाणी फेकणारे यंत्र असल्यास काम सोपे होते. मात्र त्याची तोटी पाणी पंख्याच्या आकारात पसरवणारी असावी आणि ती रंगापासून किमान ३० सेंटिमीटर दूर धरावी. सुईसारखी एकच धार सोडणारी तोटी रंगावर कधीही वापरू नये. जेथे रंगाचा टवका अगोदरच उडालेला असेल, तेथे अशी धार कडेखाली शिरून आणखी रंग उचलते. रेडिएटरच्या नाजूक पात्या, विजेच्या तारांचे जोड आणि चाकांच्या बेअरिंगांची वंगण राखणारी झाकणे यांवरही धार रोखू नये.

साबणाचे काम

भिजवून व ओघळवून झाल्यावरही रंगावर मातीचा पातळ, धुरकट पडदा राहतो. त्यात तेलाचा अंश असतो आणि बारीक कण त्याला धरून असतात. येथे साबणाची गरज लागते. प्रक्षालकाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे व दुसरे तेलाकडे ओढले जाते. असे असंख्य रेणू तेलाचा थेंब किंवा मातीचा कण वेढून त्याला पृष्ठभागापासून सोडवतात आणि पाण्यात तरंगत ठेवतात. त्याचबरोबर साबणाचे पाणी हात व रंग यांच्यामध्ये निसरडा पापुद्रा तयार करते, त्यामुळे घर्षण कमी होते.

मोटारीसाठी मिळणारा उदासीन, म्हणजे आम्लही नव्हे व अल्कलीही नव्हे असा साबण यासाठी योग्य ठरतो. कपड्यांच्या चूर्णात धुण्याचा सोडा असतो; तो रंगावरील मेणाचा संरक्षक लेप काढून टाकतो. साध्या साबणाची विहिरीच्या जड पाण्यात चिकट साय होते. प्रक्षालकांची तशी होत नाही. काही ठिकाणी डिझेल किंवा रॉकेल फवारून गाडी चमकवतात. ही चमक क्षणिक असते, तिच्यावर धूळ लवकर बसते आणि रबराचे भाग फुगून निकामी होतात.

दोन बादल्या कशासाठी

हात फिरवण्याची वेळ आल्यावर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत साबणाचे पाणी व दुसरीत साधे पाणी, असा जाणकारांचा नियम आहे. त्याचे कारण कणांच्या खाली बसण्याच्या वेगात आहे. केंब्रिजचे गणिती जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली हा वेग काढण्याचे सूत्र दिले. त्यानुसार कणाचा व्यास दसपट लहान झाला, की तो शंभरपट सावकाश बसतो. ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण ३० सेंटिमीटर खोल पाण्यात पाऊण मिनिटाच्या आत तळाला जातो. ०.०१ मिलिमीटरच्या गाळकणाला जवळजवळ एक तास लागतो, तर ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण सुमारे एक दिवस घेतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. पाणी गढूळ दिसणे हे धोक्याचे लक्षण नव्हे. गढूळपणा बव्हंशी मऊ चिकणमातीचा असतो. खरा धोका तळाला बसलेल्या, न दिसणाऱ्या वाळूचा असतो. म्हणून मळलेला हातमोजा प्रथम साध्या पाण्याच्या बादलीत खळबळावा आणि थोडा पिळून मगच साबणाच्या बादलीत बुडवावा. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी एखादी प्लास्टिकची चाळणी उपडी ठेवावी, म्हणजे खाली बसलेली वाळू ढवळून पुन्हा वर येणार नाही.

हातमोजा लोकरीचा किंवा लांब धाग्यांच्या सूक्ष्मतंतू कापडाचा असावा. चुकून राहिलेला कण त्याच्या लवेत आत शिरतो व रंगापासून दूर राहतो. सपाट स्पंजात कणाला शिरावयास जागा नसते, त्यामुळे तो रंग आणि स्पंज यांच्यामध्येच घासत राहतो.

धुण्याचा क्रम

१. गाडी सावलीत उभी करावी व इंजिन निवू द्यावे. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि जड पाण्यातील क्षारांचे पांढरे डाग पडतात.

२. चाके, चाकांवरील कमानी व खालचा भाग प्रथम धुवावा. तेथे सर्वांत जास्त वाळू असते. यासाठी ब्रश, फडके व बादली वेगळी ठेवावी. ती वरच्या रंगाला लावू नये.

३. सर्व गाडी भिजवावी, थांबावे आणि वरून खाली पाणी सोडून चिखल ओघळू द्यावा.

४. साबणाचा फेस फवारून काही मिनिटे राहू द्यावा; तो वाळण्यापूर्वी धुऊन टाकावा.

५. आता हातमोज्याने टपापासून सुरुवात करून खाली यावे. दाराचा खालचा तिसरा हिस्सा सर्वांत शेवटी घ्यावा. हाताचा भार देऊ नये. दोनतीन हात फिरवले, की मोजा खळबळून घ्यावा. मोजा जमिनीवर पडल्यास पूर्ण धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये.

६. शेवटी स्वच्छ पाणी सोडावे आणि मऊ, जाड सूक्ष्मतंतू कापड रंगावर पसरून पाणी टिपून घ्यावे, घासू नये.

गाडीच्या खाली

वरच्या रंगापेक्षा खालच्या सांगाड्याकडे कमी लक्ष दिले जाते. वास्तविक गंज बहुधा तेथूनच सुरू होतो. कोनाकोपऱ्यांत अडकलेला चिखल ओलावा कित्येक दिवस धरून ठेवतो. दारांच्या तळाशी व सांगाड्यात पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली, की पाणी आत साचते. छिद्रे मोकळी आहेत की नाहीत, हे प्रत्येक धुण्यानंतर पाहावे. समुद्रकिनाऱ्यावरून आलेली गाडी तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवावी. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतील क्लोराइडांमुळे पोलाद झपाट्याने गंजते.

पाण्याचा हिशेब

मिनिटाला १० लिटर पाणी सोडणारी नळी अर्धा तास उघडी ठेवली, तर ३०० लिटर पाणी खर्च होते. ग्रामीण घरांना माणशी दररोज ५५ लिटर नळाचे पाणी मिळावे, हे २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट आहे. म्हणजे एका धुण्यात पाच माणसांच्या दिवसभराच्या पाण्याहून अधिक पाणी गेले. चिखल सोडवण्याचे निम्मे काम पाणी करते आणि निम्मे काम वेळ करते. फवारणीच्या पंपाने भिजवून थांबले, तर थोड्या पाण्यात तेच काम होते.

पाणी पुरेसे नसेल, तर गाडी धुऊच नये, हा मार्गही विचारात घ्यावा. वाळलेला चिखल काही दिवस रंगावर राहिला तरी सहसा बिघडत नाही. अर्ध्या बादलीत पुसून काढल्याने मात्र निश्चित नुकसान होते. तोवर काचा, दिवे, आरसे आणि क्रमांकाची पाटी एवढेच भरपूर भिजवून स्वच्छ करावे, कारण त्यांवर सुरक्षितता अवलंबून आहे. खारे पाणी व पक्ष्यांची विष्ठा यांना हा नियम लागू नाही. ती लगेच काढावीत.

नदीच्या पात्रात गाडी उतरवून धुण्याची प्रथा सर्वथा त्याज्य आहे. वंगण, तेल आणि साबण त्यायोगे थेट पाण्यात जातात आणि खालच्या गावाला तेच पाणी भरावे लागते.

करून पाहावे

प्रयोग पहिला : काचेच्या उंच बाटलीत मूठभर माती व पाणी घालून ती जोराने हलवावी आणि स्थिर ठेवावी. एक मिनिटानंतर, एक तासानंतर आणि दुसऱ्या दिवशी तळाशी काय बसले, त्याची नोंद करावी.

प्रयोग दुसरा : निकामी झालेली एक सीडी घ्यावी. तिच्या चकचकीत बाजूच्या अर्ध्या भागावर चिमूटभर कोरडी माती टाकून कापसाने हलकेच पुसावी. उरलेल्या अर्ध्या भागावर तेवढीच माती टाकून ती प्रथम वाहत्या पाण्याने घालवावी, मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला कापूस फिरवावा. दोन्ही भाग दिव्याखाली तिरपे धरून पाहावेत.

प्रश्न

१. वाळलेला चिखल रंगावर असताना ओरखडा का पडत नाही?

२. कणावरील भार तोच ठेवून टेकण्याचे क्षेत्रफळ चौपट केले, तर दाब किती होईल?

३. ०.०५ मिलिमीटर व्यासाच्या कणाला ०.१ मिलिमीटर व्यासाच्या कणाच्या कितीपट वेळ तळाला बसण्यास लागेल?

४. आपल्या गावच्या मातीत वाळू अधिक आहे की चिकणमाती? पहिल्या प्रयोगाच्या आधारे उत्तर द्यावे आणि अशा मातीने माखलेली गाडी धुताना कोणती काळजी अधिक घ्यावी लागेल, ते सांगावे.